आमची वाटचाल : खड्ड्यात बादलीभर पाणी

2004 साली बापू आणि मी एका स्कूटरवर इलेक्ट्रिकल कामांचा धंदा सुरू केला. सुपरवायझरचा परवाना बापूंचा, ओळखी माझ्या. पुढची पंधरा वर्षं बंगल्यांची वायरिंग, पंपाची पॅनेलं, गणपतीतली तात्पुरती कनेक्शनं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं सुरू झालं ते 2020 मध्ये. पुण्यात कर्वेनगरच्या एक काकू, शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी नेक्सॉन ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी, घेतली. पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा सॉकेट आधीच होता. गाडी आली, चार्जरची गन (गाडीत खुपसायचा प्लग) लावली, तर चार्जरच्या पेटीवर लाल दिवा. शोरूमवाले म्हणाले, लाइनचा दोष. जो वायरमन आला तो म्हणाला, गाडीचा दोष. मग आम्हाला फोन.

बापूंनी पिशवीतून अर्थिंग मोजायचा अर्थ टेस्टर काढला. सोबत वायरचं इन्सुलेशन तपासायचा त्यांचा जुना, हाताने फिरवायचा मेगरही होता, ज्याच्या मुठीवरचा काळा रंग त्यांच्या तळहाताने कधीच खाल्लाय. दोन खुंट्या जमिनीत ठोकल्या, वाचन घेतलं आणि काहीही न बोलता काकूंकडे बादली मागितली. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता, कोळसा-मीठ नावालाच. बादलीभर पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबलो, गन पुन्हा लावली. दिवा हिरवा! पेटी आधी अर्थिंग तपासते, ते पटलं नाही तर गाडीला करंट देतच नाही. गीझर असं काही विचारत नाही, म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणाला काही कळलंच नाही.

अर्थात पाणी हा उपाय नव्हे. पुढच्या आठवड्यात नवा खड्डा घेतला, मीटर रूमपासून 6 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर, म्हणजे वायरची जाडी) स्वतंत्र लाइन ओढली, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवला. काकूंनी तेव्हापासून चार्जिंगच्या युनिटची वही ठेवली आहे. बॅटरी 30.2 युनिटची, पण रिकामी गाडी पूर्ण भरताना मीटर त्याहून जास्त फिरतो. 'चार्जर तापतो, ती उष्णता फुकट येते का?' हे त्या आता शेजाऱ्यांना शिकवतात. आमची पहिली वीसेक कामं त्या वहीमुळे आली.

2021 मध्ये राज्याचं ईव्ही धोरण आलं आणि सोसायट्यांची चौकशी वाढली. सिंहगड रस्त्यावरच्या एका मोठ्या सोसायटीने 2022 मध्ये बारा चार्जिंग पॉइंटचं काम ठरवलं. चार बैठका झाल्या. सेक्रेटरी म्हणाले, वीज विकायला लायसन लागेल. मी त्यांना केंद्राचा 2018 चा खुलासा वाचून दाखवला : चार्जिंग ही सेवा, लायसन लागत नाही. मग हिशोब मांडला. एक 7.2 किलोवॉटचा पॉइंट 32 अँपिअर ओढतो. बारा एकदम लागले तर 86 किलोवॉट, तीन फेजवर वाटले तरी प्रत्येक फेजवर 128 अँपिअर, तेही रात्रभर. म्हणून वेगळा मीटर, वेगळं पॅनेल आणि गाड्यांमध्ये लोड वाटून देणारी यंत्रणा. अध्यक्ष म्हणाले, 'काम तुमचंच, माल मागवा.' मी ओव्हरड्राफ्टवर आर्मर्ड (धातूचं कवच असलेल्या) केबलचे सहा ड्रम उचलले. लेखी काही घेतलं नाही.

सर्वसाधारण सभेत बाहेरची एक कंपनी आली. चार्जर फुकट, वापराचे पैसे ॲपवर. हात वर झाले, विषय संपला.

सहा ड्रम गोडाऊनमध्ये, व्याज डोक्यावर. टेम्पो विकला. दोन पोरांना घरी बसवलं, त्यातला एक परत आलाच नाही. बापूंनी चार महिने पगार उचलला नाही आणि तो विषयही कधी काढला नाही. मी मात्र काढतो, अजूनही.

त्या कंपनीने जिना-लिफ्टच्या कॉमन पॅनेलमधूनच 4 स्क्वेअरची वायर ओढली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका रात्री एक वाजता फोन वाजला. लिफ्ट बंद, पॅनेलमधून धूर. कंपनीचा नंबर लागत नव्हता. न्यूट्रलच्या वायरी जोडणारी लिंक गुळाच्या ढेपेसारखी तपकिरी होऊन वितळली होती, वायरच्या टोकाचा लग हाताने दाबलेला, हत्याराने घट्ट आवळून क्रिम्पिंग केलेलंच नाही. बापूंनी टॉर्च तोंडात धरून पहाटेपर्यंत लिफ्ट चालू करून दिली. अध्यक्ष काय म्हणाले? 'हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.' चार पानी कोटेशनमध्ये, दुसऱ्या पानावर, लिहून दिलं होतं साहेब.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. गाडी बुक करण्याआधी वायरमन बोलवा, नंतर नाही. पहिल्या महिन्यानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, स्क्रूखाली तांबं दबून बसतं आणि जोड सैल होतो. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, ते शोभेला नसतं. तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन खाली सोडू नका. आणि या धंद्यात नवीन असाल तर शब्दावर ड्रम उचलू नका.

ते ड्रम पुढच्या दीड वर्षात इतर कामांत संपले. काकूंनी मुलीच्या गाडीसाठी दुसरा पॉइंट घेतला, बापू आधी खड्डाच बघायला गेले.

मागच्या रविवारी त्याच सोसायटीचा फोन होता. नवं पॅनेल, सगळं पहिल्यापासून. कोटेशन पाठवलंय. पन्नास टक्के आगाऊ, ठळक अक्षरात, पहिल्याच पानावर.