तुम्ही विचारलंत म्हणून : सरकारच्या बाजूने उभी राहते ती

लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, लॉ कॉलेजातल्या व्याख्यानानंतर प्रश्न एकच येतो. "समोर आजारी माणूस असतो, नाहीतर एखादी निराधार बाई. तुम्ही सरकारतर्फे त्यांच्या विरोधात बोलता. जमतं कसं?"

मी उच्च न्यायालयात सहायक सरकारी वकील आहे, म्हणजे एजीपी. सार्वजनिक आरोग्य आणि महिला व बालविकास या खात्यांच्या याचिका माझ्याकडे बऱ्याच येतात. त्यातल्या कित्येकांत 'विरोध' हा शब्दच लागू पडत नाही.

अत्याचारातून गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलीची याचिका घ्या. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि अशा मुलींसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असला तरच वैद्यकीय मंडळाचा मार्ग आहे. मुलीवर काय गुजरलं, हे त्यात बसत नाही. म्हणून तिचे आईवडील न्यायालयात येतात आणि प्रतिवादी म्हणून शासनाचं नाव लागतं. न्यायालय वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवतं, आणि माझं त्या दिवशीचं काम म्हणजे फोन. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना फोन, मंडळातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची ऑपरेशनं आटोपली का म्हणून फोन, अहवाल सीलबंद होऊन निघाला का म्हणून पुन्हा फोन. दिवस वाया गेला तर आठवडे पुढे सरकतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिथे युक्तिवाद जवळजवळ नसतोच.

विरोध खरा असतो तो पैशांच्या प्रकरणांत. हृदयविकाराचा झटका आला म्हणून एक कर्मचारी जवळच्या खासगी रुग्णालयात दाखल झाला. जीव वाचला, पण बिल नामंजूर झालं. कारण, रुग्णालय शासनाच्या यादीत नाही. तातडीच्या उपचारांचं बिल निव्वळ एवढ्या कारणावरून अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. मी तो निकाल कक्ष अधिकाऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "मॅडम, मला पटतंय. पण मी मंजूर केलं तर उद्या ऑडिट पॅरा माझ्या नावावर निघेल. तुम्ही कोर्टाची ऑर्डर आणून द्या, आठ दिवसांत बिल काढतो."

या वाक्याने मला माझी नोकरी समजली. नस्ती, म्हणजे फाइल, कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिवाकडे जाते, तिथून उपसचिव, वित्त विभाग, विधि व न्याय. प्रत्येक जण शेरा मारतो. 'द्या' लिहिणाऱ्याला लेखापरीक्षणात जाब द्यावा लागतो, 'देता येत नाही' लिहिणाऱ्याला सहसा कुणी विचारत नाही. शासन त्या माणसाशी भांडत नव्हतं. ती एक सही कुणाच्याच पेनातून उतरत नव्हती आणि ती न्यायमूर्तींकडून मिळवायची होती. मी हरले की सगळे सुटणार होते.

(अशा प्रकरणांत खात्याकडून 'पॅरावाइज रिमार्क्स', म्हणजे याचिकेच्या एकेका परिच्छेदावरचं खात्याचं म्हणणं, येतात, बहुतेक वेळा सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी. एकदा प्रत्येक परिच्छेदासमोर 'याचिकाकर्त्याचे म्हणणे मान्य नाही' असं आलं होतं. पहिल्या परिच्छेदात त्या बिचाऱ्याचं फक्त नाव आणि पत्ता होता.)

पण पैशांचा मुद्दा दर वेळी बहाणाच असतो, असंही नाही. १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शासनाला फटकारलं होतं. तो रेल्वेतून पडून जबर जखमी झाला होता आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं होतं. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं न्यायालय म्हणालं आणि २५,००० रुपये भरपाई दिली. दोनच वर्षांनी, पंजाबच्या कर्मचाऱ्यांच्या उपचारखर्चाच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने म्हटलं की कुठल्याच राज्याकडे अमर्याद साधनं नसतात, खर्चाला मर्यादा घालणं गैर नाही. मला दोन्ही निकाल तोंडपाठ आहेत. समोरचा वकील पहिला वाचतो, मी दुसरा. आतून मला पहिला जास्त पटतो, आणि तरी दुसरा मन लावून वाचते. तेवढ्यापुरता तुमचा प्रश्न अंगाला लागतो.

एका प्रकरणात तो जास्तच लागला. एका अविवाहित मुलीने आपलं बाळ बाल कल्याण समितीसमोर स्वाधीन केलं, सरेंडर डीडवर सही केली. कायदा फेरविचाराला दोन महिने देतो. ती आली ती मुदत उलटल्यावर काही दिवसांनी. खात्याची भूमिका सरळ होती : मुदत संपली, बाळ दत्तकासाठी मोकळं. मी तेच मांडलं. चांगलं मांडलं, हेही सांगते. मुदती उगाच नसतात, दत्तक घेणाऱ्या घरालाही कधीतरी निर्धास्त व्हावं लागतं. ती मागच्या बाकावर ओढणीचं टोक पिळत बसली होती.

बाळ अजून शिशुगृहातच होतं, कुणा कुटुंबाकडे गेलेलं नव्हतं. शपथपत्रात याचा उल्लेख नव्हता. मला माहीत होतं, कारण सकाळीच मी तिथल्या अधीक्षिकांशी बोलले होते. न्यायालयाने ते विचारलंही नव्हतं. माझं बोलणं संपलं, मी बसले, आणि पुन्हा उठले. म्हटलं, "शपथपत्रात आलेलं नाही, पण बाळ अद्याप संस्थेतच आहे. न्यायालयाला हे माहीत असावं."

दुपारी खात्यातून फोन आला. "मॅडम, हे सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"