तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांचं काम आम्ही का सोडलं

लग्नात, बारशाला, राजारामपुरीत भाजी घेताना, कुठंही हा प्रश्न येतोच. "एवढी मोठी तुमची मुंबईची जाहिरात एजन्सी, अण्णांनी विश्वासानं काम दिलं, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांना सोडलंत कसं?" कुणी काळजीनं विचारतं, कुणी चारचौघांत ऐकवायला. "वरून निर्णय आला होता," एवढंच मी आजवर सांगत आले. ते खरं आहे. पण वर कोण होतं, हे सांगायला वेळ लागतो आणि मांडवात तेवढा वेळ कुणाकडं नसतो. म्हणून आज बसून लिहिते.

अण्णा म्हणजे आपल्या कोल्हापुरातले धुण्याच्या पावडरीचे कारखानदार, त्यांच्याबद्दल तुम्हाला जास्त सांगायला नको. फक्त एक ध्यानात ठेवा. ते काम माझ्यामुळं आमच्या एजन्सीत आलं होतं. मंगळवार पेठेत आमची दोन घरं समोरासमोर. वडिलांच्या शब्दावर त्यांनी पाकिटाचं डिझाइन, जाहिराती, पुढं टीव्हीची फिल्म, सगळं आमच्याकडं सोपवलं. त्याआधी त्यांचं काम कोल्हापुरातलेच एक आर्टिस्ट करत होते, दळवीज आर्टमध्ये शिकलेले, हात उत्तम. त्यांचं काम काढून आम्हाला दिलं गेलं. ही गोष्ट कुणी माझ्या तोंडावर काढत नाही, पण मला ती माहीत आहे.

आता एजन्सीबद्दल. दारावर जी पाटी होती, ती एका परदेशी नेटवर्कच्या इथल्या शाखेची. त्या नेटवर्कची मालकी एका होल्डिंग कंपनीकडं. त्या कंपनीकडं अशी आणखी नेटवर्क, शिवाय मीडिया, म्हणजे जाहिरातींसाठी टीव्हीवरचा वेळ आणि पेपरातली जागा, खरेदी करणाऱ्या, पीआरच्या म्हणजे जनसंपर्काच्या, डिजिटलच्या वेगळ्या कंपन्या. होल्डिंग कंपनी स्वतः जाहिरात बनवत नाही. एजन्सी विकत घेते, विकते, एकमेकींत मिसळते. प्रत्येकीनं किती टक्के नफा वर पाठवायचा ते ठरवते. आमचा मुंबईचा प्रमुख हिशेब सिंगापूरला द्यायचा, सिंगापूरवाले त्यांच्या वरच्यांना. सगळ्यात वर शेअर बाजार.

शिवाजी उद्यमनगरात भट्टी चालवणाऱ्या माझ्या मामाला हे सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, "मग ती कंपनी बनवते काय?" मी त्याला डब्ल्यूपीपी या अशाच एका होल्डिंग कंपनीची कथा सांगितली. ती कंपनी मुळात इंग्लंडात तारेच्या बास्केट बनवायची. नावच वायर अँड प्लास्टिक प्रॉडक्ट्स. 1985 मध्ये मार्टिन सॉरेल यांनी तिच्यात हिस्सा घेतला. त्यांना बास्केट नको होत्या, शेअर बाजारात आधीच नोंदलेली एक छोटी कंपनी हवी होती. तिच्या जोरावर त्यांनी मोठमोठ्या जाहिरात एजन्सी घेतल्या: 1987 मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन, 1989 मध्ये ओगिल्वी, 2000 मध्ये यंग अँड रुबिकॅम. जे. वॉल्टर थॉम्पसन तर 1929 पासून मुंबईत होती. मामा म्हणाला, "म्हणजे धंदा जाहिरातीचा नव्हेच, एजन्सींचा." मी त्यावर वाद घातला होता. आज घालणार नाही.

पण नावं वेगळी का ठेवतात, हा खरा मुद्दा आहे, आणि अण्णांचं प्रकरण तिथंच अडकलं. जाहिरातीच्या धंद्यात जुना दंडक असा: एका एजन्सीनं एका मालाचा एकच क्लायंट घ्यायचा. साबणवाला एक, चहावाला एक. कारण एजन्सीला क्लायंटचं सगळं कळतं. नवा माल कधी येणार, भाव कुठं उतरणार, कुठल्या जिल्ह्यात विक्री पडली आहे. प्रतिस्पर्ध्याचं काम त्याच छताखाली झालं तर क्लायंटला झोप कशी लागणार? या दंडकामुळं मोठ्या एजन्सीची वाढ खुंटायची. त्यावर अमेरिकेत मॅकॅन-एरिक्सन या एजन्सीच्या मॅरियन हार्पर यांनी तोडगा काढला. वर एक मालक कंपनी, खाली स्वतंत्र एजन्सी, दारं वेगळी, माणसं वेगळी. एकीत एक क्लायंट, दुसरीत त्याचा प्रतिस्पर्धी. 1961 मध्ये त्या मालक कंपनीला इंटरपब्लिक हे नाव मिळालं. पुढं 1986 मध्ये बीबीडीओ, डीडीबी आणि नीडहॅम हार्पर या एजन्सी एकत्र येऊन ऑम्निकॉम झाली, तीही याच तत्त्वावर.

म्हणजे होल्डिंग कंपनीच्या मुळाशीच एक वचन आहे: मालक एक असला तरी भिंत पक्की आहे. मुंबईत नव्या आलेल्या मुलामुलींना मी हे अभिमानानं शिकवायची.

तर त्या वर्षी काय झालं. वर्ष सांगत नाही, सांगितलं तर कोण ते ओळखता येईल. आमच्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या एका एजन्सीनं परदेशात एका बहुराष्ट्रीय कंपनीची धुण्याच्या पावडरीची पिच, म्हणजे काम मिळवायची स्पर्धा, जिंकली. कित्येक देशांचं काम, त्यात भारतही. आमच्या एजन्सीचा त्या कामाशी काहीही संबंध नव्हता. आमचा मजला वेगळा, इमारत वेगळी, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. पण त्या कंपनीनं करारात अट घातली की जिथं जिथं आमचा माल विकला जातो, तिथं तुमच्या अख्ख्या ग्रुपनं दुसऱ्या कुठल्याही पावडरीचं काम करायचं नाही. मग कॉन्फ्लिक्टची, म्हणजे या अटीच्या आड येणाऱ्या क्लायंटची, यादी फिरली. कुठल्या देशात, कुठल्या एजन्सीकडं, किती उत्पन्नाचा क्लायंट. अण्णांचं नाव त्या यादीत कुठंतरी तळाशी असणार. त्या तक्त्यात कोल्हापूर नव्हतं, अण्णा नव्हते, एक आकडा होता. आमच्या वर्षाच्या उत्पन्नात तो आकडा लहान होता, हेही सांगते. लपवून काय उपयोग?

मेल पाठवून कळवा, असं मला सांगण्यात आलं. मजकूर वकिलांनी लिहून दिला होता. मी तो पाठवला नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली, सकाळी उतरले आणि घरीही न जाता थेट गोकुळ शिरगावला कारखान्यात गेले. अण्णांना वाटलं दिवाळीच्या जाहिराती घेऊन आले. टेबलावर त्यांनी वितरकांची यादी काढून ठेवली होती. सांगली, मिरज, निपाणी, कुठल्या गावात एसटी स्टँडवर बोर्ड हवा, कुठं भिंत रंगवायची. चहा आला. मी चहा घ्यायच्या आधीच सांगितलं, कारण घेतल्यावर सांगणं मला जमलं नसतं.

ते आधी चिडले नाहीत. त्यांना वाटलं बिलाचं काही राहिलंय. मुनीमजींना हाक मारून विचारलं, "ह्यांचं काय देनं हाय का?" काही नव्हतं. त्यांचं पेमेंट कधी एक दिवस चुकलं नव्हतं. मग विचारलं, "आमचं काय चुकलं?" मी म्हटलं, अण्णा, तुमचं काही चुकलेलं नाही. मग मी मॅरियन हार्पर सोडून बाकी सगळं सांगायचा प्रयत्न केला. दुसरी एजन्सी, तिचा क्लायंट, करारातली अट. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. तुमचा मालक कोन हाय, त्यास्नी फोन लाव. मी बोलतो."

हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं अगदी साधा होता. कोल्हापुरात धंदा असाच होतो. अडचण आली की मालकाला फोन करायचा. मालक गावात असतो, देवळात भेटतो, त्याच्या शब्दाला किंमत असते. मी मुंबईच्या प्रमुखाचं नाव घेतलं. ते म्हणाले, "तो नोकरदार. मालक?" मी सिंगापूरचं सांगितलं. "तोबी नोकरदार." मी त्याच्या वरचा सांगितला. तो सीईओ, पगार घेणारा. शेअर कुणाकडं आहेत? पेन्शन फंडांकडं, म्युच्युअल फंडांकडं, हजारो लोकांकडं. अण्णा थोडा वेळ यादीकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे आमी हिशेब कुनाला मागायचा?"

मी म्हटलं, मला मागा. ते म्हणाले, "तू पोर हायस. तुला काय मागू?"

त्यानंतर व्यवहाराचं बोलणं झालं. फिल्मच्या मूळ फाइल, पाकिटाचं आर्टवर्क, जिंगल, सगळं त्यांना परत मिळेल असं मी सांगितलं, आणि ते मिळेपर्यंत मागं लागले. पेपरांमध्ये बुक केलेली जागा त्यांच्या नावावर करून दिली. दिवाळी त्यांची सुनी गेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या आर्टिस्टनीच रात्री जागून जाहिराती केल्या. ज्यांचं काम आम्ही घेतलं होतं, त्यांनीच.

आता तुम्ही म्हणता, "मग राजीनामा का दिला नाहीस?" नाही दिला. पुढं कित्येक वर्षं तिथंच राहिले, वरच्या पदावर गेले. त्या वेळी मी स्वतःला जे सांगत होते, ते अजूनही पूर्ण खोटं वाटत नाही. माझी तेव्हाची बाजू अशी होती: हा ग्रुप नसता तर अण्णांना टीव्हीचा तो दर कधी मिळाला असता का? सगळ्या एजन्सींच्या क्लायंटसाठी एकत्र वेळ विकत घेतला जातो, म्हणून दर पडतो. डब्ल्यूपीपीनं मीडियाचं काम वेगळं काढून 1997 मध्ये माइंडशेअर केली आणि 2003 मध्ये ग्रुपएम, ती याच हिशेबानं. गोकुळ शिरगावच्या कारखान्याला एकट्याला चॅनेलवाल्यांनी दारात उभं केलं नसतं. शिवाय त्या फिल्मचा दिग्दर्शक, ते संगीत, बाजाराची माहिती, हे सगळं मोठ्या घराचंच देणं होतं. आणि कॉन्फ्लिक्टला क्लायंट घाबरतात यात चूक ती काय? 1986 मध्ये साची अँड साची या एजन्सीनं टेड बेट्स ही दुसरी एजन्सी विकत घेतली, तेव्हा कोलगेट-पामोलिव्हनं आपलं काम तिथून काढून घेतलं, कारण साचीकडं तिची प्रतिस्पर्धी प्रॉक्टर अँड गॅम्बल होती. 1988 मध्ये आरजेआर नाबिस्कोनं साचीकडचं बिस्किटांचं काम काढलं. कारण काय, तर साचीनं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सची विमानात धूम्रपानबंदीची जाहिरात केली होती, आणि नाबिस्कोच्या मालकांचा धंदा सिगारेटचाही होता. एवढी मोठी एजन्सी एका जाहिरातीसाठी एवढं काम गमावते, तर ग्रुपनं घाबरायचं नाही?

तेव्हाच्या माझ्या त्या बाजूला आज माझा एवढाच प्रश्न आहे: मग भिंत कुणासाठी होती? डब्ल्यूपीपीत युनिलिव्हरच्या डव्हचं काम ओगिल्वी करत आली, आणि त्याच ग्रुपनं कोलगेट-पामोलिव्हसाठी रेड फ्यूज नावाची वेगळी एजन्सी उभी केली. दोन्ही साबण विकणाऱ्या कंपन्या, एकमेकींच्या उघड प्रतिस्पर्धी, छत एक. तिथं चालतं. म्हणजे दोन मोठ्यांना एका घरात ठेवण्याची कला या धंद्याला पक्की येते. नवी पाटी लावतात, नवा मजला घेतात, माणसं वेगळी बसवतात. अण्णांसाठी मजला कुणी मागितला नाही. मीही मागितला नाही, कारण मागायची खोली कुठली, ते मला ठाऊक नव्हतं. निर्णय घेणारा माणूस मला आजही सापडलेला नाही. अट घालणाऱ्याला अण्णा माहीत नव्हते, यादी करणाऱ्याला अटीचं कारण माहीत नव्हतं, आणि मला दोन्ही माहीत असून माझी सही कुठंच लागत नव्हती.

यावर माझा धाकटा भाऊ म्हणतो, "हे सगळं तू स्वतःला वाचवायला सांगतेस." असेलही. पण मी सांगितलेलं त्यामुळं खोटं होत नाही.

आणखी एक प्रश्न अलीकडं येतो: ती एजन्सी आता बंद पडली ना? बंद पडली नाही, तिची पाटी उतरली. तिच्या एकटीचं असं झालेलं नाही. 1864 पासूनची जे. वॉल्टर थॉम्पसन 2018 मध्ये वंडरमन या दुसऱ्या एजन्सीशी जोडली, पुढं दोन्ही मिळून व्हीएमएल या एजन्सीत गेल्या. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ऑम्निकॉमनं इंटरपब्लिकच गिळली आणि डीडीबी, एफसीबी, मुलनलो ही एजन्सींची नावं मिटवायचं ठरवलं. हार्पर यांनी ज्या वेगळ्या दारांवर हे सगळं उभं केलं, ती दारं आता मालकच एकेक करून बुजवताहेत, कारण वेगळं ठेवण्याचा खर्च नको आहे. मग वचनाचं काय, असं विचारलं की सांगतात, आता क्लायंटना एकच मोठी टीम हवी आहे. कुठल्या क्लायंटना, ते मात्र सांगत नाहीत.

अण्णांशी माझं बोलणं आहे. अंबाबाईच्या देवळात भेटलो तर ते वडिलांची चौकशी करतात. त्या सकाळचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. तुम्ही मात्र दर वेळी त्यांच्या वतीनं मला विचारता. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय का, हे एकदा मला सांगा.

आता माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे, शाहूपुरीत. मी, एक डिझायनर, एक लिहिणारा मुलगा. गुजरीतल्या एका सराफांचं काम मी सुरुवातीपासून करते. गेल्या महिन्यात त्यांच्यापासून चार दुकानं सोडून असलेले दुसरे सराफ आले, काम चांगलं आहे, पैसे वेळेवर देतील. मी पहिल्यांना जाऊन सरळ विचारलं. ते म्हणाले, "करा की, पण आमचं ज्यानं केलं त्यानं त्यांचं करायचं नाही." माझ्याकडं डिझायनर एकच आहे. दुसरी नेमायची तर दोन्ही कामांचे पैसे हवेत, आणि दुसरं काम अजून हातात नाही. त्यांना मी पाडव्यापर्यंत कळवते म्हणून सांगितलंय.