शिंदे छत्री ते बगदाद

वानवडीच्या शिंदे छत्रीपाशी, महादजी शिंद्यांच्या समाधीपाशी, गेलो की मला दर वेळी १७९२ साल आठवते. त्या वर्षी महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाचे फर्मान घेऊन पुण्यात आले आणि सवाई माधवरावांना 'वकील-इ-मुतलक' म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी या पदाची वस्त्रे मोठ्या समारंभाने देण्यात आली. ज्या शाह आलमच्या नावाने हे झाले, तो तेव्हा दृष्टिहीन होता आणि शिंद्यांच्याच फौजेच्या आधाराने गादीवर होता. तलवार ज्याच्या हाती, त्याने दुबळ्याकडून सनद का घ्यावी, हे कोडे मला शाळेपासून छळत आले आहे.

हे कोडे जुने आहे, हे मला अल्-मावर्दी वाचताना कळले. हा शाफिई पंथाचा, म्हणजे इस्लामी कायद्याच्या एका प्रमुख शाखेचा, न्यायाधीश (९७४–१०५८) बगदादमध्ये लिहीत होता, तेव्हा ते शहर ९४५ पासून बुवैही घराण्यातल्या अमिरांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, ताब्यात होते आणि खलिफाकडे मान उरला होता, फौज उरली नव्हती. 'अल्-अहकाम अस्-सुलतानिया' या राज्यकारभाराच्या नियमांवरच्या ग्रंथात तो प्रांत बळकावणाऱ्या अमिराचा प्रश्न थेट हाताळतो. खलिफाने अशा अमिराला मान्यता द्यावी, मात्र त्याने खिलाफतीचा मान राखावा, धर्माचे कायदे पाळावेत आणि कर नियमानुसारच घ्यावेत, असे तो म्हणतो. काहींना यात शरणागती दिसते. मला मात्र बळाला कायद्याच्या चौकटीत ओढण्याची एका न्यायाधीशाची चिकाटी दिसते. सातारची गादी आणि शनिवारवाडा यांच्यातील नाते ज्यांनी पाहिले आहे, त्या पुणेकरांना हा पेच परका वाटू नये.

इस्लामी राज्यविचाराच्या या परंपरेवर हल्ली बोलले जाते ते ती एकच एक, ठाशीव वस्तू असल्यासारखे. तिचे विरोधक आणि तिचे अभिमानी, दोघेही तसेच बोलतात. प्रत्यक्षात तिच्यात केवढे मतभेद आहेत! चौदाव्या शतकात दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी कट्टर आणि कुळाचा अहंकार बाळगणारा. तरीही राज्य चालवायला राजाने स्वतःचे नियम, म्हणजे 'जवाबित', करावेच लागतात, हे तो मान्य करतो. त्याच शतकातला उत्तर आफ्रिकेचा इतिहासकार इब्न खल्दून तर राज्याचे बळ 'असबिय्या'त, म्हणजे समूहाच्या आपसातील घट्ट बांधिलकीत, शोधतो. सत्ता ऐषआरामात मुरली की काही पिढ्यांत ही बांधिलकी विरते, मग कर वाढत जातात आणि वसूल मात्र घटतो, हे त्याने १३७७ साली लिहिले.

सनद, फर्मान, दिवाणी, फौजदारी हे शब्द आपण अजूनही रोज वापरतो. पेशवे दफ्तरातल्या कागदांचा तर हाच व्यवहार आहे. त्यामागचा विचार न वाचता ते कागद वाचणे मला आता अपुरे वाटते. म्हणून या पावसाळ्यात रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, हा मराठी राज्यनीतीवरचा ग्रंथ, आणि मावर्दी शेजारी ठेवून, करांविषयीची प्रकरणे आधी वाचायची, असे ठरवले आहे.