तुम्ही विचारलंत म्हणून: राणी घालते ते खरं असतं का?

लंडनमध्ये राज्याभिषेक होवो, संसदेचं उद्घाटन होवो, नाहीतर परदेशी पाहुण्यांसाठी शाही मेजवानी होवो. दुसऱ्या दिवशी प्रश्न ठरलेला. ‘ब्रिटनच्या राणीच्या अंगावरचं जडजवाहीर खरं असतं का हो? की खरं तिजोरीत आणि अंगावर नक्कल?’ विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, दुजोरा हवा असतो. ‘खरं असतं’ म्हटलं की आपणच भोळे ठरतो. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. खरं असतं. आणि खरं असतं म्हणूनच ते जड होतं, सटकतं, मोडतं आणि ऐन वेळी सापडत नाही.

संशय अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. १८२१ साली चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी घडवलेल्या मुकुटातले १२,३१४ हिरे जवाहिऱ्यांकडून भाड्याने आणले होते. १८२३ साली ते परत गेले. सेंट एडवर्डचा मुकुट १९११ पर्यंत एरवी नुसता सोन्याचा सांगाडा असायचा. राज्याभिषेक आला की भाड्याची रत्नं बसवायची, आटोपला की काढायची. १९११ साली त्यात रत्नं कायमची बसवली. राणी अलेक्झांड्राच्या १९०२ च्या मुकुटात पुढे नकली खडे आले. राणी मेरीच्या १९११ च्या मुकुटातला कोहिनूर आणि कलिननचे हिरे (कलिनन नावाच्या एका प्रचंड हिऱ्यातून कापलेले, म्हणून त्यांना क्रमांक) निघाले, त्यांच्या जागी स्फटिकाच्या प्रतिकृती बसल्या. पण हे बदल सोहळा उरकल्यावरचे आहेत. २०२३ साली राजे चार्ल्स यांच्या पत्नी कॅमिलांसाठी तोच मेरीचा मुकुट बाहेर काढला, तेव्हा त्याच्या आठ सुट्या कमानींपैकी चार उतरवल्या आणि कलिनन ३, ४ आणि ५ हे अस्सल हिरे त्यात बसवले. म्हणजे कपाटात नक्कल आणि डोक्यावर अस्सल. तुमच्या समजुतीच्या बरोबर उलट.

हा प्रश्न किमतीचा आहे असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते तो वजनाचा आणि पकडीचा आहे.

आधी टियारा, म्हणजे केसांत बसवायचा रत्नजडित शिरोभूषणाचा प्रकार. तो मुकुटासारखा पूर्ण गोल नसतो, मागून उघडा असतो. खाली धातूची पट्टी असते. तिला केसांच्या रंगाची मखमली फीत गुंडाळतात, कारण धातू केसांवरून घसरतो आणि मखमल धरून ठेवते. पट्टीच्या दोन्ही टोकांना बारीक कड्या असतात. आधी माथ्याजवळचे केस उलटे विंचरून किंवा बारीक वेणी घालून पाया करायचा, त्यावर टियारा किंचित मागे झुकता ठेवायचा, कड्यांतून पिना एकमेकींना छेदून घालायच्या आणि वर इलॅस्टिक किंवा फीत मागच्या केसांखालून बांधून टाकायची. त्याच दिवशी न्हालेले भुरभुरीत केस असतील तर सगळी मेहनत फुकट, पिना ठरतच नाहीत. टियारा फार पुढे ओढला तर मान जराशी वाकली तरी तो कपाळावर येतो. टोकं कानामागच्या हाडावर टेकली तर तासाभरात डोकं ठणकायला लागतं. टोकं वाकवून बैठक मोकळी करता येते, पण ते काम सराफाचं. घरच्या घरी वाकवायला गेलं की डाख दिलेला सांधा सुटतो. त्यात जुन्या टियारांमध्ये हिरे चांदीत बसवलेले असतात, कारण सोन्यात हिऱ्याला पिवळी झाक येते. पाठीला मात्र सोनं, चांदी काळी पडून केस आणि कपडे डागाळू नयेत म्हणून. चांदी मऊ. वर्षानुवर्षांच्या वापराने खडा धरणाऱ्या नख्या झिजतात, आणि टियारा दर वेळी पेटीत जाण्याआधी प्रत्येक खडा हलतो का ते बघावं लागतं.

मुकुटाला पिना नाहीत. तो निव्वळ मापावर आणि तोलावर बसतो. संसदेच्या उद्घाटनाचा इम्पिरियल स्टेट क्राउन एक किलोहून थोडा जास्त आहे. त्यात समोर कलिनन २, म्हणजे ३१७.४ कॅरट: एकट्या खड्याचं वजन ६३ ग्रॅमच्या वर. मागे १०४ कॅरटचा स्टुअर्ट नीलम. तोल कुठे झुकणार ते उघड आहे. १८३८ चा सांगाडा कमकुवत झाला म्हणून १९३७ साली नवा केला, आणि १९५३ मध्ये एलिझाबेथ राणींसाठी माप बदलून कमानी सुमारे २५ मिलिमीटरने खाली घेतल्या. तरीही भाषण वाचताना खाली बघता येत नाही, कागद डोळ्यांसमोर उचलून धरावे लागतात. हे त्यांनीच २०१८ च्या बीबीसीच्या माहितीपटात सांगितलंय. जाताना-येताना त्या हा मुकुट घालतच नसत. प्रवासात डोक्यावर १८२० चा, १,३३३ हिऱ्यांचा डायडेम, म्हणजे बिनकमानीचा हलका मुकुट, असे. त्यांच्या टपाल तिकिटांवर दिसतो तो.

आता २० नोव्हेंबर १९४७. तुमच्या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून जरा सावकाश सांगते.

त्या दिवशी साडेअकराला वेस्टमिन्स्टर ॲबीत राजकन्या एलिझाबेथचं लग्न. टियारा आईकडून घेतलेला. मूळचा तो आजीचा, राणी मेरीचा. १८९३ च्या लग्नात व्हिक्टोरिया राणीने तिला हिऱ्यांचा दागिना दिला होता, त्याचे हिरे वापरून १९१९ साली हा घडवला. हिऱ्यांच्या ४७ उभ्या पट्ट्या, मधे मधे बारीक टोकं, शेजारी शेजारी लावलेली झालर. सांगाड्यावरून उतरवला की गळ्यात हार म्हणून घालता येतो. या सोयीचीच किंमत मोजावी लागते. हार व्हायचा तर प्रत्येक पट्टी सुटी हलायला हवी, टियारा व्हायचा तर ती ताठ उभी राहायला हवी. झालर स्वतः लवचिक असल्यामुळे ताठपणाचा सगळा भार खालच्या सांगाड्यावर येतो, आणि डोक्यावर बसवताना दोन्ही बाजूंनी दाब पडतो तोही त्याच्यावरच.

सकाळी बुरखा (नवरीच्या डोक्यावरची झिरझिरीत जाळी) लावताना तो मोडला. सांगाडाच गेला. राजजवाहिरे वाड्यातच हजर होते, ते टियारा घेऊन पोलिसांच्या गाडीच्या मागे कारखान्याकडे धावले. राणी आई मुलीला समजावत होत्या: दोन तास आहेत, आणि दुसरेही टियारा आहेत. इथे थांबून विचार करा. दुसरे होते. कुठलाही उचलून डोक्यावर ठेवता आला असता, पण बुरखा आणि केशरचना याच मापाने बांधलेली. आणि दुरुस्ती एवढ्या वेळात कशी झाली? या टियारात फक्त हिरे आहेत. हिरा डाख देण्याची आच सोसतो. वरून बोरिक आम्लाचा लेप दिला की पृष्ठभागही जळत नाही. मोती किंवा पाचू असता तर आधी तो उतरवावा लागला असता, नाहीतर मोती करपला असता आणि पाचू तडकला असता. मग दोन तासांत काही झालं नसतं. दुरुस्त होऊन आला तरी मधल्या टोकाच्या शेजारी थोडी फट राहिली. लग्नाच्या फोटोत ती स्पष्ट दिसते. फोटो मोठा करून बघा.

एवढ्यावर भागलं नाही. वडिलांनी दिलेले मोत्यांचे दोन सर, राणी ॲनचा ४६ मोत्यांचा आणि राणी कॅरोलाइनचा ५० मोत्यांचा, गळ्यात घालायचे होते. ते होते सेंट जेम्स पॅलेसमध्ये, लग्नाच्या आहेरांच्या प्रदर्शनात. राजकन्येचे खाजगी सचिव जॉन कोलव्हिल धावले. अंतर थोडं, पण रस्ता माणसांनी भरलेला, गाडी पुढे सरकेना, शेवटी पायी गाठावं लागलं. तिथे पहारेकऱ्यांना पटेना की हा गृहस्थ राजकन्येचे मोती खरंच राजकन्येसाठीच मागतोय. (मलाही पटलं नसतं.) मोती वेळेत पोहोचले.

नकलीच घालायची रीत असती, तर कोलव्हिलना त्या गर्दीत कुणी पाठवलं असतं का?

‘हे लग्न झालं, रोजच्या समारंभांचं काय?’ असंही कुणीतरी विचारतंच. रोजच्या समारंभात ब्रोच आणि मोती. कलिनन ३ आणि ४ चा ब्रोच घ्या: वर ६३.६ कॅरटचा चौकोनी, खाली ९४.४ कॅरटचा थेंबासारखा, कडीत अडकवलेला. दोन खड्यांचंच वजन ३१.६ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळे, आणि कोंदण वेगळं. २०१२ साली हिरकमहोत्सवाच्या प्रार्थनेला एलिझाबेथ राणींनी तो सेंट पॉल्समध्ये घातला होता. असा ब्रोच नुसत्या रेशमावर टोचला की कापड ओढलं जातं, ब्रोच पुढे कलतो आणि खालचा खडा अंगापासून सुटून लोंबतो. म्हणून त्या जागी आतून जाड कापडाचा तुकडा लावतात आणि पिन दोन्ही थरांतून, वर थोडी आडवी, घेतात. गार्टर या मानाच्या ब्रिटिश किताबाच्या सरदारांची सोन्याची माळ तर ३० ट्रॉय औंसांची, जवळजवळ ९३३ ग्रॅम. ती नुसती गळ्यात घातली तर एका खांद्यावरून घसरते. दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या साटिनच्या फितीचे फुलोरे दिसतात ना, ते शोभेचे नाहीत, माळ त्यांनीच बांधलेली असते.

मोत्यांबद्दल थोडक्यात: रेशमी दोऱ्यात, दोन मोत्यांमध्ये गाठ मारून गाठवलेले. तुटलंच तर एकच मोती पडतो. दोरा ताणला की गाठ आणि मोती यांच्यात फट दिसू लागते, तेव्हाच पुन्हा गाठवायचे. अत्तर आणि केसांचा फवारा आधी, मोती सगळ्यात शेवटी. काढल्यावर मऊ फडक्याने पुसायचे.

एवढं सांगून झालं की पुढचा प्रश्न येतोच: ‘मग कोहिनूर का घालत नाहीत?’ घालत होत्या. अलेक्झांड्रा, मेरी आणि १९३७ साली एलिझाबेथ राणींच्या आई, या तिघींच्या मुकुटात तो होता. २००२ साली आईंच्या शवपेटीवर तोच मुकुट ठेवला होता. एलिझाबेथ राणींच्या स्वतःच्या डोक्यावर तो कधीच नव्हता, आणि कॅमिलांनी तो टाळला. त्याबद्दल राग असायचा तर जरूर असू द्या, माझाही आहे. पण मे २०२३ मध्ये कॅमिलांच्या गळ्यात काय होतं ते किती जणांनी बघितलं? व्हिक्टोरियाच्या १८५८ च्या हाराचं पदक, २२.४८ कॅरटचं. त्याचं नाव लाहोर हिरा. तोही पंजाबच्या खजिन्यातलाच. तो सगळ्या जगासमोर गळ्यात लटकत होता आणि त्याबद्दल मला एकानेही विचारलं नाही.

राहिला जुना दागिना मोडून नवा करण्याचा मुद्दा. त्यावर माझं मला अजून पटलेलं नाही.

१९४७ च्या लग्नात हैदराबादच्या निजामाने कार्तिये या फ्रेंच जवाहिऱ्यांकडचा टियारा आणि हार भेट दिला. तेव्हा हैदराबाद भारतात आलेलं नव्हतं, आणि अख्खा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तो पैसा कुठल्या सारावसुलीतून आला, हे तिथल्या माणसांना सांगायला नको. हार अजून शाबूत आहे, प्रिन्सेस कॅथरीन घालतात. टियारा १९७३ साली मुद्दाम मोडला. त्याचे हिरे घेऊन ब्रह्मदेशाच्या लोकांनी दिलेल्या ९६ माणकांचा नवा टियारा केला. निजामाच्या टियारातले तीन गुलाब तेवढे ब्रोच म्हणून राहिले.

पूर्वी मी ठामपणे म्हणत असे की दागिना जसा मिळाला तसाच ठेवावा. दिलेली वस्तू मोडणं हा देणाऱ्याचा अपमान, आणि ज्यांच्या घामातून ती आली त्यांचा तर त्याहून जास्त. मग १८९३ चा तो मुलींच्या वर्गणीचा टियारा आठवतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मुलींनी पाच हजार पौंडांहून जास्त गोळा करून मेरीला दिलेला. वर मोती होते. १९१४ साली मेरीने ते काढून हिरे बसवले आणि मोती दुसऱ्या टियाराला दिले, पुढे डायनामुळे सगळ्यांना माहीत झाला त्याला. वर्गणी देणाऱ्या मुलींना कुणी विचारलं नाही. पण त्याचे भाग काढता-घालता आले म्हणूनच तो तिजोरीत पडून राहिला नाही. एलिझाबेथ राणींनी तो आयुष्यभर वापरला, नाण्यांवर उमटला.

मग १९१४ चं चाललं आणि १९७३ चं चुकलं, असं कसं म्हणायचं? मला फरक एवढाच दाखवता येतो की पहिल्यात सांगाडा राहिला, दुसऱ्यात गेला. तेवढा फरक पुरेसा आहे का, यावर वाद घालायचा असेल तर या. पण ‘खरे असतात का’ हे मात्र आता पुन्हा विचारू नका.