नदीकडे पाठ करून

दिवे घाटात पाऊस होता की ऊन, जेजुरीला कपाळी भंडारा कुणी लावला, काही आठवत नाही. नीरेची दुपार मात्र आठवते.

खरं तर ही वारी आत्तींची, माझ्या सासूबाईंची. बावीस वर्षं त्यांची एकही चुकली नव्हती. करोनाची दोन वर्षं पायी वारीच नव्हती, आणि २०२२ ला ती पुन्हा सुरू झाली तोवर त्यांचे गुडघे गेले होते. "माझ्या जागी तू जा," म्हणाल्या. मी विठ्ठलावर रुसलेय हे त्यांना ठाऊक होतं. तरी मलाच धाडलं.

रुसवा २०१९ च्या ऑगस्टमधला. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. आत्ती पंढरीहून परतून महिनाही झाला नव्हता. २००५ चं पाणी उंबऱ्याला शिवून मागे गेलं होतं, म्हणून सगळे म्हणत होते, येऊन येऊन किती येईल? आत्ती एकट्याच हटून बसल्या, आज रात्रीच निघायचं. मी त्यांच्यावर ओरडले. जनावरांची दावी सोडली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो. आत्तींच्या मांडीवर बादली, बादलीत वृंदावनातली तुळस, मुळासकट मातीसकट. माझ्या शिलाई मशीनला जागा नाही आणि तुळशीला आहे, याचा मला इतका राग आला होता! पहाटेपर्यंत गल्लीत पुरुषभर पाणी. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं मातीचं घर बसलं ते बसलंच.

"त्यानंच बाहेर काढलं," शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून आत्ती म्हणायच्या. मग ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली. तीही माणसं जीव वाचवायलाच निघाली होती ना? त्यांच्याबद्दल काय होतं त्याच्या मनात? मी तोंडावर विचारलं. आत्ती काही बोलल्या नाहीत. रात्रभर माळ ओढत बसल्या. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प आहेत.

तर नीरा. वाल्ह्याहून निघाल्यापासून उजव्या टाचेचा फोड ठणकत होता. टँकरपाशी मधेच घुसणाऱ्या बायांचा राग, पुढच्या दिंडीच्या भोंग्याचा राग, टाळ वाजवायचाही राग. दत्तघाटावर माऊलींच्या पादुकांना स्नान सुरू झालं, सगळे काठाकडे धावले. मी रस्त्याच्या कडेला बसले, नदीकडे पाठ करून. तीन वर्षं मी नदी बघत नव्हते. एसटी पुलावरून जायला लागली की डोळे मिटून घ्यायचे.

"माऊली, पाय दाव."

एक म्हातारी शेजारी येऊन टेकली होती. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. मी पाय मागे घेतला, तिनं तो ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. पोलक्याला टोचलेली सुई काढली, पिशवीतून दोरा काढून ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोन्हीकडे थोडा थोडा सोडून तोडला. "आता दोरा वढू नगं. पानी त्याच्यावाटंच जातंय." तेलाचं बोट फिरवलं. मग म्हणाली, "नदीकडं पाठ का?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, ब्रह्मनाळचंही. तिनं समजूत घातली नाही, पाय तेवढा चोळत राहिली.

"आमचं गाव उजनीत गेलं. पळसदेवाच्या अंगाला. लगीन हून दोनच वरसं झालती. धरणाचं पानी लई आटलं, की देऊळ वर येतंय. घर काय येत न्हाई."

"राग नाही आला देवाचा?"

"येतो की. दरसाल त्याच्याम्होरं हुबी ऱ्हाते आन् भांडते. दुसऱ्या कुणाशी भांडू?" थोडं थांबून म्हणाली, "आषाढीला चंद्रभागेत उजनीचंच पानी सोडत्यात. आमच्या दारावरलं. त्यातच न्हाते."

तिच्या दिंडीची हाक आली, ती उठून गेली. नावही विचारायचं राहिलं. आत्ती त्या रात्री कुणासाठी माळ ओढत होत्या, ते मला तिथं, पाय उघडा टाकून बसल्या बसल्या कळलं. मी खूप रडले. मग वळून नीरा बघितली. गढूळ होती, माणसांनी भरलेली.

लोणंद, चांदोबाचा लिंब, फलटण, बरड, माळशिरस. वेळापुराच्या अलीकडे पुन्हा सगळ्यांचा राग यायला लागला. वाखरीला तो कधी गेला ते समजलं नाही.

चंद्रभागेत घोट्याएवढ्या पाण्यात गेले. त्याहून पुढं पाय उचलेना. तिथूनच आत्तींना फोन लावला.

"उतरलीस?"

"घोट्यापर्यंत."

"बास झालं. बाटलीभर आण, तुळशीला घालू."

आम्ही अजून भाड्याच्या खोलीत आहोत, तुळस अजून त्याच बादलीत. येताना तिला चांगली कुंडी आणते, मी म्हटलं.

"नको," आत्ती म्हणाल्या, "बादलीच असू दे. उचलायला कडी आहे तिला."