बावीस ग्रॅम सोनं गेलं कुठं?

गुजरीत दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं. त्या वेळेला येतात ते बहुधा मोडायला नाहीतर वजन करून घ्यायला. कोल्हापुरातल्या आमच्या पेढीवर काट्याशी मी बसतो, त्यामुळे आईचे दागिने वाटून घ्यायला आलेली भावंडं पुष्कळ पाहिलीत. कोण कुठल्या खुर्चीवर बसतंय यावरनंच पुढचा अंदाज येतो.

हे दोघे शेजारी बसले, तेव्हा काम लवकर उरकेल असं वाटलं. दादा साठी ओलांडलेले, न्यू जर्सीत स्थायिक. ताई इथंच, मंगळवार पेठेत. आई जाऊन वर्ष झालेलं. ताईंनी लॉकरमधनं आणलेलं पुडकं सोडलं: कोल्हापुरी साज, पाटल्यांचा जोड, गोठ, बोरमाळ. सगळं हातानं घडवलेलं, जुनं काम. हल्ली अशी बोरमाळ दिसत नाही.

काचेच्या पेटीतल्या काट्यावर सगळं मिळून आलं २३२.२१० ग्रॅम.

दादांनी मोबाईल काढून त्यातला एक तक्ता उघडला. "परत एकदा ठेवता का?"

परत ठेवलं. तेच आलं.

"माझ्याकडं दोनशे पंचावन्न आहे. गेल्या वर्षी दिवस झाल्यावर मी स्वतः वजन केलं होतं."

बावीस ग्रॅमच्या वर फरक, म्हणजे दोन तोळ्यांहून जास्त. ताईंचा चेहरा उतरला. "दादा, किल्ली माझ्याकडं असते म्हणून म्हणतोयस काय?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"आणि कमी कसलं? उलट जास्तच आहे. आजोबांच्या पावतीत पुरते वीस तोळेपण नाहीत. म्हणजे दोनशे ग्रॅम. हे बत्तीस वरचेच आहेत की!"

माल एकच, आणि वजनं तीन. एखादी बांगडी कमी भरली तर समजू शकतं, पण एक आकडा वर आणि एक खाली म्हटल्यावर मला सोन्यापेक्षा आकड्यांचाच संशय आला. मी आधी पावती मागून घेतली.

पावती १९५६ सालची, आईच्या लग्नातली. शाई तपकिरी पडलेली, पण आकडे स्वच्छ: तोळे १९, मासे ११, गुंजा ४. इथंच ताईंचा हिशेब सुटला. आज गिऱ्हाईक तोळा म्हणतं आणि आम्ही दहा ग्रॅम धरतो. पण देशात दशमान वजनं यायला लागली ती १९५८ च्या ऑक्टोबरपासून. त्याआधीचा तोळा १८० ग्रेनचा (ग्रेन म्हणजे इंग्रजांचं बारीक वजन), म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्या पावतीचे ग्रॅम केले तर २३२.७९ होतात.

ताईंना कागदावर पटेना. मग गल्ल्याच्या खणातला राणीछाप रुपया काढला. जुने सराफ याच रुपयांनी सोनं जोखायचे, कारण चांदीचा रुपया बरोबर तोळ्याचा पाडलेला असे. काट्यावर तो ११.५८ भरला. झिजलाय थोडा, पण दहाच्या जवळपास नाही. ताईंनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "मग आजोबांचं बरोबर होतं." पावतीपेक्षा आज अर्धा ग्रॅम आणि थोडं वर कमी भरत होतं, पाचएक गुंजा. इतकी वर्षं वापरलेल्या पाटल्या तेवढ्या झिजणारच.

राहिले दादांचे २५५.

"कशावर वजन केलं होतं?" मी विचारलं.

"ताईला केकसाठी मी तिकडनं काटा आणून दिलाय, त्यावर. आठ पॉइंट दोन औंस. आणि सोन्याचा औंस एकतीस पॉइंट एकचा. तुम्हाला तर माहीतच असेल."

माहीत होतंच. लंडनचा भाव औंसावर, आपला दहा ग्रॅमवर. रोज सकाळी मी ३१.१०३५ नं भागूनच कामाला लागतो. दादांचा गुणाकारही चोख होता. फक्त पिठासाखरेच्या काट्यावरचा औंस तो नव्हे. तो २८.३५ ग्रॅमचा. सराफीतला ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा आणि किराण्याचा साडेचारशे ग्रेनपेक्षाही कमी, ४३७.५ चा. गंमत म्हणजे पौंडाला हे उलटं होतं. ट्रॉय पौंडात औंस बाराच, किराण्याच्या पौंडात सोळा. त्यामुळे सोन्याचा औंस पिठाच्या औंसापेक्षा जड, पण सोन्याचा पौंड पिठाच्या पौंडापेक्षा हलका. इंग्रजांनी हे कारभार कसे चालवले कोण जाणे.

दादा इंजिनियर. त्यांना सांगून पटणार नव्हतं आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. ताईंच्या मुलाला फोन करून तो काटा मागवला. पोरगं स्कूटरवरून घेऊन आलं. पांढरा, चपटा, कडेला मैदा अडकलेला. मी आमच्या शिक्का मारलेल्या वजनांतलं शंभर ग्रॅमचं त्यावर ठेवलं. शंभर दाखवलं. मागचं बटण दाबलं, तर ३.५ औंस.

"आता तुमच्या पद्धतीनं करा."

दादांनी मोबाईलवर गुणाकार केला. १०८.८५. त्यांनी वजन उचलून त्यावरचा आकडा वाचला, खाली ठेवलं, परत बटण दाबून बघितलं. मग ८.२ ला २८.३५ नं गुणलं आणि मोबाईल ताईंच्या पुढं धरला. २३२.४७.

ताईंनी मोबाईलकडं बघितलंही नाही. "वर्षभर हे मनात ठेवून फोनवर बोलत होतास व्हय?" दादांनी मान खाली घातली. मी उठून चहा सांगायला बाहेर गेलो. चहा पोऱ्यालाही सांगता आला असता.

परत आलो तेव्हा ताई पाटल्या हातात घालून बघत होत्या आणि दादा साजाचं एकेक पान मोजत होते. मी नवी यादी केली, डागवार: ग्रॅम, आणि ताईंच्या आग्रहाखातर शेजारी जुने तोळे-मासेसुद्धा. औंसाचा रकाना ठेवू का, असं विचारायचं तोंडावर आलं होतं, पण राहू दिलं.

मग दादांनी तक्त्यात नवं वजन भरलं आणि वाटणीची रक्कम मला दाखवली. भाव त्यांनी चोवीस कॅरेटचा धरला होता. माल बावीसच्या आसपासचा, आणि साज तर लाखेवर घडवलेला, म्हणजे काट्यावर दिसलेलं सगळं सोनं नव्हेच. खुर्ची पुढं ओढून मी परत पेन हातात घेतलं. "दादा, आता हे बघा," म्हणालो, आणि दुसरा चहा सांगितला.