घोड्यावरचे महाराज आणि आतल्या राणीसाहेब

रविवार, रात्रीचे साडेदहा

लेकीला शाळेत ‘आपलं शहर’, म्हणजे बडोदा, असं चित्र काढायला सांगितलंय. तिने पानभर काळा घोडा काढला, आयाळ, शेपूट, खूर सगळं झालं, पण वर कोणीच बसलेलं नाही. म्हटलं अगं महाराज कुठे गेले, तर म्हणे कोण महाराज, तो काळा घोडा आहे ना! मला कसंतरीच झालं. तिची काय चूक, घोड्यावर बसलेल्या सयाजीराव महाराजांच्या पुतळ्याला आपण सगळे काळा घोडाच बोलतो. रिक्षावाल्याला सांगायचं काळा घोडा, कोणाला भेटायचं तर काळा घोडा, आणि पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढायला लागली की अख्ख्या बडोद्याचा एकच प्रश्न, काळ्या घोड्याच्या पुलाला किती फूट झालं? २६ फूट म्हणजे धोका, हे इथे पोराटोरांना पण पाठ. २०२४ च्या ऑगस्टमधे तर आम्ही रात्रभर तोच आकडा बघत जागलो होतो.

म्हणून आज सकाळी बाबांना आणि तिला घेऊन गेले. कमाटीबागेच्या गेटसमोर फुटपाथवर उभं राहून मान वर करून नीट बघितलं, आणि खरं सांगते, इतकी वर्षं इथून ॲक्टिवा काढतेय पण थांबून बघितलं असं आज पहिल्यांदाच. तिला सांगितलं, हे सयाजीराव, नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा, १८७५ साली दत्तक आला तेव्हा १२ वर्षांचा होता, तुझ्याहून थोडाच मोठा. पुढे राज्यभर शाळा सक्तीची केली, १९०६ मधे. पुतळा १९०७ चा, राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवाचा, डरवेंट वुड नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला. ब्राँझ काळं पडलंय आणि महाराजांचा चेहरा उन्हाकडे पाठ झाल्यामुळे खालून नीट दिसतच नव्हता, पायाशी एक वाळलेला झेंडूचा हार तेवढा होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, एवढ्या वर कसे चढले असतील.

मग बाबा म्हणाले चला आता राणीसाहेबांकडे. बाबा न्यायमंदिरात कारकून होते, सगळी नोकरी तिथेच गेली. मधल्या मोठ्या हॉलमधे चिमणाबाईंचा पुतळा, आणि बाबांच्या तोंडी तो कायम ‘राणीसाहेब’. लहानपणी आई डबा देऊन पाठवायची तेव्हा निरोप ठरलेला, राणीसाहेबांपाशी उभी राहा, मी येतो. या सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, पहिल्या चिमणाबाई बरं का, तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई. लोक हमखास दुसऱ्या चिमणाबाईंशी गल्लत करतात. लग्न १८८० मधे झालं आणि १८८५ मधे त्या गेल्यासुद्धा, विशी जेमतेम ओलांडली होती. महाराजांनी त्यांच्या नावाने ही इमारत बांधली, १८९६ ची, मुळात मंडईसाठी बांधलेली आणि नंतर तिथे कोर्ट बसलं. रावपुऱ्यातला टॉवरही त्यांच्याच नावाचा. पण टॉवर म्हणजे नुसता टॉवर आणि न्यायमंदिर म्हणजे न्यायमंदिर, चिमणाबाई हे नाव बोलण्यातून कधी गळून गेलं कळलंच नाही. ज्या बाईसाठी नवऱ्याने शहराच्या मधोमध एवढं उभं केलं तिचं नाव आपल्याला घ्यावंसं वाटत नाही, याचं मला आज फार वाईट वाटलं.

२०१८ मधे कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं. आज आम्ही बाहेरूनच बघितलं, बाबा रेलिंगला धरून कितीतरी वेळ वर कमानींकडे बघत होते, मागे लहेरीपुऱ्याकडची गर्दी आणि हॉर्न चालू, त्यांचं लक्षच नाही. येताना शेव उसळ खाल्ली, तीही त्यांनी निम्मी ठेवली.

घरी आल्यावर लेकीने घोड्यावर महाराज बसवले, छान बसवले, पगडीसकट. मग म्हणाली आता राणीसाहेब पण काढते, आजोबा सांगा कशा आहेत त्या. बाबा सुरू झाले, पदर असा, चेहरा असा शांत, आणि तिने विचारलं हात कुठे आहेत? बाबा थांबले. एवढी वर्षं रोज समोरून गेले आणि हात आठवेनात. जेवणात पण लक्ष नव्हतं. आत्ता बाहेरच्या खोलीत बसून जुन्या कोर्टातल्या मित्राला फोन लावलाय, एवढ्या रात्री, आणि सारखं तेच विचारतायत, अरे नीट आठव, उजवा हात कुठे होता?